धनुष्याचं दुकान : अमेरिकेतले जुने तिरंदाज आणि दोन आकड्यांची गोष्ट



या मालिकेत आपण अवजारांविषयी बोलतो आहोत. मागच्या वेळी घड्याळ झालं, त्याआधी छपाईचे खिळे झाले. आज धनुष्य. विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी फोन करून विचारलं, "सर, एकलव्य येणार ना?" एकलव्य आज येणार नाही. आज आपल्याला अमेरिकेत जायचं आहे, तेही रणांगणावर किंवा जंगलात नाही, एका दुकानात.

कारण सांगतो. माझी मुलगी मिशिगनमध्ये राहते. काही वर्षांपूर्वी मी तिच्याकडे सहा महिने होतो. शेजारी एक गृहस्थ राहायचे, वय ऐंशीच्या घरात, मोटारींच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या गॅरेजच्या भिंतीवर एक धनुष्य टांगलेलं असायचं. १९६० च्या दशकातलं, लाकूड आणि फायबरग्लासचे थर चिकटवून केलेलं, टोकं पुढे वळलेली. त्याला तिकडे रिकर्व्ह म्हणतात. ते रोज संध्याकाळी मागच्या अंगणात गवताच्या गठ्ठ्यावर दहाबारा बाण मारायचे. मला ते 'प्रोफेसर' म्हणायचे आणि मी तत्त्वज्ञान शिकवायचो याचं त्यांना वाईट वाटत असावं, असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसायचं.

एक दिवस धनुष्याची दोरी विरली म्हणून ते गावातल्या तिरंदाजीच्या दुकानात निघाले. मीही गाडीत बसलो. दुकान भलं मोठं. भिंतीवर पन्नासेक धनुष्यं, सगळी एकाच जातीची: टोकांना चाकं, मधे केबलींचं जाळं, वर दुर्बिणीसारखं काहीतरी. ही कंपाउंड धनुष्यं. काउंटरवरचा मुलगा अतिशय नम्र होता. त्यानं जुनं धनुष्य हातात घेतलं, 'वा, आजोबांच्या काळातलं' अशा अर्थाचं काही बोलला आणि एक नवी दोरी बसवून दिली. सोबत सहा कार्बनचे बाणही दिले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अंगणातून कडाड असा आवाज आला. धनुष्याचं वरचं टोक, जिथे दोरीची खाच असते तिथे, उभं चिरलं होतं.

दुकानाचं नाव मी सांगणार नाही, त्याचं कारणही नाही. दुकानदारानं फसवलं नव्हतं. त्यानं त्याच्याकडची उत्तम दोरी दिली होती, आणि घोटाळा तिथेच झाला. जुन्या धनुष्यांना डेक्रॉनची दोरी लागते. ती थोडी ताणते, बाण सुटताना बसणारा धक्का काहीसा स्वतः पिते. १९८० च्या दशकात न ताणणारे नवे धागे आले. त्यांनी बाणाचा वेग वाढतो, पण सगळा धक्का टोकांवर येतो. नव्या धनुष्यांची टोकं त्यासाठी मजबूत केलेली असतात. पन्नास वर्षांपूर्वीच्या धनुष्याची नसतात. पूर्वीच्या कुठल्याही दुकानदाराला हे माहीत असतं. या मुलाला नव्हतं, आणि माझ्या शेजाऱ्याला वाटलं की दुकानात बसलाय म्हणजे माहीत असणारच.

हे असं का झालं, हा आजचा प्रश्न. त्यासाठी दीडशे वर्षं मागे जावं लागेल.

अमेरिकेत धनुष्याची हौस सुरू झाली ती यादवी युद्धानंतर. मॉरिस आणि विल थॉम्पसन हे दोन भाऊ दक्षिणेकडून लढले होते, म्हणजे हरलेल्या बाजूनं. युद्धानंतर ते फ्लोरिडाच्या दलदलीत धनुष्यबाण घेऊन शिकार करत हिंडले. मॉरिसनं त्यावर १८७८ मध्ये पुस्तक लिहिलं आणि ते इतकं वाचलं गेलं की पुढच्याच वर्षी, १८७९ मध्ये, इंडियानातल्या क्रॉफर्ड्सव्हिल गावी राष्ट्रीय तिरंदाजी संघटना उभी राहिली. त्या काळी धनुष्य एकतर इंग्लंडहून यायचं, नाहीतर हातानं करावं लागायचं.

दुसरा प्रसंग जास्त महत्त्वाचा आहे, आणि जास्त दुःखद. ऑगस्ट १९११. कॅलिफोर्नियातल्या ऑरोव्हिल गावाबाहेर एक उपाशी माणूस सापडला. याही जमातीतला तो शेवटचा. बाकीचे गोऱ्या वसाहतवाल्यांनी मारले होते किंवा उपासमारीनं, रोगानं गेले होते. त्याला सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ संग्रहालयात आणून ठेवलं. त्यानं आपलं नाव कधीच सांगितलं नाही. म्हणून त्याला इशी म्हणू लागले, त्याच्या भाषेत त्याचा अर्थ नुसता 'माणूस'. संग्रहालयाच्या शेजारीच वैद्यकीय महाविद्यालय होतं. तिथे सॅक्स्टन पोप नावाचे शल्यविशारद होते. ते इशीला तपासायचे आणि इशीनं त्यांना धनुष्य शिकवलं. जुनिपरच्या लाकडाचं धनुष्य कसं काढायचं, बाणाचा दांडा कसा सरळ करायचा, पिसं कशी बांधायची. १९१६ मध्ये इशी क्षयानं गेला. पोपनी १९२३ मध्ये शिकारीवर पुस्तक लिहिलं आणि आज अमेरिकेत जे स्वतःला 'पारंपरिक' तिरंदाज म्हणवतात, त्यांच्यातला बहुतेक जण आपली वंशावळ त्या पुस्तकाशी नेऊन भिडवतो.

इथे मला एक मेख दिसते. इशी दोरी अंगठ्यानं ओढायचा. पोप मात्र इंग्रजांसारखी तीन बोटांनी ओढायचे, आणि त्यांची आवडती धनुष्यं यू लाकडाची, इंग्रजी घाटाची, इशीच्या धनुष्याहून लांब आणि जड. म्हणजे परंपरेचा जो आरंभबिंदू मानतात, तिथेच शिष्यानं गुरूची मूठ सोडून दुसरी धरली होती. परंपरा म्हणजे जसंच्या तसं चालत आलेलं, असं आपण समजतो. बहुधा तसं नसतं.

आता तिसरा माणूस, फ्रेड बेअर. डेट्रॉइटमध्ये मोटार कारखान्यात साचे बनवणारा. १९२० च्या दशकात त्यानं पोपचे मित्र आर्ट यंग यांचा अलास्कातल्या शिकारीचा चित्रपट पाहिला आणि त्याला या गोष्टीचं वेड लागलं. १९३३ मध्ये त्यानं धंदा सुरू केला, १९४७ मध्ये मिशिगनच्याच ग्रेलिंग गावी कारखाना नेला. दरम्यान १९३४ मध्ये विस्कॉन्सिननं धनुष्याच्या शिकारीचा वेगळा हंगाम दिला होता, मग इतर राज्यांनी दिला, आणि गिऱ्हाईक तयार झालं. बेअरनं फायबरग्लास आणला. लाकडी धनुष्य उन्हापावसात वाकतं, मान टाकतं. फायबरग्लासचं टाकत नाही. ते कारखान्यात शेकड्यांनी बनतं आणि खेळाच्या दुकानात टांगता येतं. माझ्या शेजाऱ्याचं धनुष्य या पिढीतलं.

म्हणजे बघा, आज ज्याला जुनं, पारंपरिक म्हणून आपण हळहळतो, ते स्वतः एकेकाळी कारखान्यातली नवलाई होतं. त्या वेळच्या लाकडी धनुष्यवाल्यांनी नाकं मुरडली असतीलच. तरीही मी म्हणतो की पुढे जे झालं ते निराळं होतं.

१९६६ मध्ये मिसुरी राज्यातल्या हॉलिस विल्बर ॲलन या माणसानं पेटंटसाठी अर्ज केला. पेटंट मिळालं १९६९ च्या डिसेंबरात. कल्पना अशी: साधं धनुष्य जितकं ओढाल तितकं जड होत जातं. पूर्ण ताणलं की सगळ्यात जड, आणि नेमका तेव्हाच नेम धरायचा असतो. ॲलननं टोकांना मध्य सोडून आस बसवलेली चाकं लावली. ओढताना वजन मधे चढतं आणि शेवटी एकदम उतरतं. याला लेट-ऑफ म्हणतात. ८० टक्के लेट-ऑफ असेल तर ६० पौंडांच्या धनुष्याला शेवटी १२ पौंडच धरून ठेवावे लागतात. माणूस निवांत नेम धरू शकतो. कल्पना अप्रतिम आहे, यात वाद नाही. तिचं उत्पादन प्रथम हाती घेतलं टॉम जेनिंग्ज यांनी, आणि ते स्वतः रिकर्व्ह धनुष्यं करणारे कारागीर होते.

(एक योगायोग. त्याच १९६६ साली मायकेल पोलान्यी यांचं 'द टॅसिट डायमेन्शन' हे छोटं पुस्तक आलं. माणसाला जितकं सांगता येतं त्याहून जास्त ठाऊक असतं, हा त्याचा गाभा. मी ते तीसेक वर्षं शिकवलं. ते धनुष्याविषयी आहे हे मला मिशिगनच्या गॅरेजात कळलं.)

सुरुवातीला विरोध झाला. हे धनुष्यच नव्हे, यंत्र आहे, असं म्हणणारे होते. काही राज्यांनी शिकारीला परवानगी दिली नाही, मग हळूहळू दिली. १९६१ मध्ये पोप आणि यंग यांच्या नावानं निघालेल्या शिकाऱ्यांच्या क्लबनं अनेक वर्षं ६५ टक्क्यांहून जास्त लेट-ऑफवाल्या धनुष्याची शिकार नोंदवहीत घेतली नाही. पुढे तीही अट सैल झाली. दहाबारा वर्षांत बाजार उलटला. फ्रेड बेअरच्या कंपनीनंही कंपाउंड काढलं.

आणि दुकान बदललं.

इतिहास लिहिणारे धनुष्यावर लिहितात, दुकानावर कुणी लिहीत नाही. साधं धनुष्य घेणारा माणूस दुकानाचा वाईट गिऱ्हाईक असतो. एकदा घेतो, तीस वर्षं वापरतो. दोरी घरी बदलतो, त्यासाठी एक दोरखंडाचा तुकडा पुरतो. कंपाउंडची दोरी घरी बदलता येत नाही. त्यासाठी धनुष्य दाबून धरणारं प्रेस नावाचं यंत्र लागतं, ते दुकानात असतं. चाकांचा मेळ दुकानात जुळवतात. साइट, बाण टेकायचा रेस्ट, दोरी सोडायचा रिलीज, सगळं वेगळं विकत मिळतं आणि दर साली नवं मॉडेल निघतं. दुकानाचं भाडं, पगार, वीज यावर चालतात. त्या मुलाच्या जागी मी असतो तर मीही भिंतीवर पन्नास कंपाउंडच टांगली असती. काही दुकानदार साध्या धनुष्यवाल्याला हसतात, हे खरं आहे. बहुतेक हसत नाहीत. त्यांना फक्त माहीत नसतं, आणि माहीत नाही हेही माहीत नसतं.

आता त्या सहा बाणांकडे येऊ. इथे थोडं गणित आहे, झोपू नका.

साध्या धनुष्यातून बाण सरळ जात नाही. दोरी बोटांवरून सुटताना बाजूला घसरते, बाणाच्या वाटेत धनुष्याची मूठ असते. बाण सापासारखा वाकतो, मुठीला वळसा घालतो आणि मग सरळ होतो. रॉबर्ट एल्मर यांनी याला तिरंदाजाचा विरोधाभास असं नाव दिलं, आणि १९३० च्या दशकात क्लॅरेन्स हिकमन या भौतिकशास्त्रज्ञानं अतिवेगवान छायाचित्रांनी ते डोळ्यांना दाखवलं. म्हणून बाण किती ताठ आहे याला फार महत्त्व. फार ताठ असेल तर वळसा घेणार नाही, फार लवचीक असेल तर जास्त घेईल. कंपाउंडमध्ये मूठ मधोमध कापलेली असते आणि दोरी बोटांनी नाही, रिलीजच्या चिमट्यानं सुटते. तिथे ताठ बाण चालतो, नव्हे, हवाच असतो.

लाकडी बाणाचा ताठरपणा मोजायची जुनी रीत अशी: २६ इंच अंतरावर दोन टेकू, मधे २ पौंडांचं वजन, दांडा किती इंच झुकला ते बघायचं आणि २६ ला त्यानं भागायचं. अर्धा इंच झुकला तर ५२. आकडा मोठा, बाण ताठ. आणि सोय अशी की ५० पौंडांच्या धनुष्याला ढोबळमानानं पन्नासच्या आसपासचा बाण. आकडा धनुष्याच्याच भाषेत बोलतो.

कार्बनच्या बाणाची रीत निराळी. टेकूंमधलं अंतर २८ इंच, वजन १.९४ पौंड, आणि झुकाव हजारांशात लिहायचा. अर्धा इंच झुकला तर ५००. इथे आकडा मोठा, बाण लवचीक. उलटं!

माझ्या शेजाऱ्यानं दुकानात सांगितलं, "मला पन्नासचे बाण लागतात." मुलानं ५०० चे दिले. दोघंही खूश. दोघांनाही वाटलं की आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय. आता कुणी म्हणेल, अर्धा इंच म्हणजे अर्धाच इंच, २६ भागिले अर्धा बरोबर ५२, मग बिघडलं कुठे? बिघडलं ते टेकूंमध्ये. अंतर २८ इंचांचं असेल तर तोच दांडा जास्त झुकतो, कारण झुकाव अंतराच्या घनाप्रमाणे वाढतो. तो ५०० चा बाण जुन्या रीतीनं २६ इंचांवर मोजला तर अर्धा इंच झुकणार नाही, साधारण ०.४१ इंच झुकेल. २६ ला त्यानं भागा, ६३ येतात. म्हणजे पन्नासच्या जागी त्रेसष्टचा बाण गेला. तो उजव्या हाताच्या तिरंदाजाचा असेल तर डावीकडे जाणार. शेजारी दोन दिवस डावीकडेच मारत होते आणि स्वतःच्या म्हातारपणाला दोष देत होते.

मला यातली ही शेवटची गोष्ट लागली. साठ वर्षांची सवय असलेला हात बरोबर होता. त्याच्यावर शंका घ्यायला लावलं एका आकड्यानं.

पिसांचंही तसंच. त्या बाणांना प्लास्टिकच्या पात्या होत्या. साध्या धनुष्यवाले बरेचदा बाण थेट मुठीवरच्या कट्ट्यावर टेकवतात. पीस कट्ट्याला घासलं की दुमडतं आणि पुढे जातं. प्लास्टिक दुमडत नाही, बाणाला लाथ मारतं. १५४५ मध्ये केंब्रिजच्या रॉजर ॲस्कम यांनी तिरंदाजीवर पुस्तक लिहिलं. हे गृहस्थ ग्रीक शिकवायचे. त्यांनी तेव्हाच ऊहापोह करून ठेवलाय की बाणाला पिसाची जागा घेणारी दुसरी वस्तू नाही. प्राध्यापकांचं कुणी ऐकत नाही, ते आजचं नाही.

मग हे लोक काय करतात? मला वाटलं होतं, रडत बसत असतील. तसं नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांनी दुकानाला वळसाच घातला. टपालानं माल पाठवणारे विशेष व्यापारी उभे राहिले. १९९२ मध्ये 'द ट्रॅडिशनल बोयर्स बायबल' या ग्रंथमालेचा पहिला खंड आला, त्यात लाकडाच्या ओंडक्यापासून धनुष्य कसं काढायचं ते अनेक कारागिरांनी मिळून लिहिलं. मिशिगनमध्येच बेरियन स्प्रिंग्ज गावी जूनमध्ये यांची जत्रा भरते. मी शेजाऱ्यांबरोबर गेलो होतो. तंबूत पिसं, शिंगाची टोकं, दोऱ्या वळायच्या फळ्या. एका टेबलावर ताठरपणा मोजायचं जुनं काटेवालं यंत्र, २६ इंचांचं, आणि समोर रांग.

लाकडी बाणांसाठी सगळ्यात नावाजलेलं लाकूड पोर्ट ऑरफर्ड सीडर. ते मुख्यतः ओरेगॉनच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात आणि लगतच्या कॅलिफोर्नियात होतं, दुसरीकडे नाही. १९५० च्या दशकापासून त्या झाडाच्या मुळांना एक रोग लागला आहे, तो पाण्याबरोबर आणि गाड्यांच्या चाकांना चिकटलेल्या चिखलाबरोबर पसरतो. म्हणजे उद्या सगळी दुकानं शहाणी झाली तरी लाकूड मिळेलच असं नाही.

या लोकांचीही एक खोड सांगतो. त्यांच्यातल्या काहींना कंपाउंडवाला म्हणजे धर्मभ्रष्टच वाटतो. आणि मी तत्त्वज्ञानाचा म्हटल्यावर प्रत्येकानं मला हेरिगेल यांचं झेन आणि धनुर्विद्येवरचं पुस्तक वाचलंय का म्हणून विचारलं. वाचलंय. मला ते फारसं आवडत नाही. त्यात धनुष्य कमी आणि धुकं जास्त आहे, आणि ज्या गुरूकडे ते शिकले त्यांचा झेनशी कितपत संबंध होता यावर जपानी अभ्यासकांनीच शंका घेतल्या आहेत.

आपल्याकडे पाहिलं तर चित्र उलटं आहे, म्हणून या प्रश्नाला सरसकट एक उत्तर देता येत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची आदिती स्वामी, वय १७, आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी वैयक्तिक सुवर्णपदकं जिंकली, दोघांनीही कंपाउंडवर. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडचा मिश्र सांघिक प्रकार प्रथमच येतोय. आपल्या राष्ट्रीय स्पर्धांत बांबूच्या धनुष्याचा 'इंडियन राउंड' हा प्रकार असतो, आणि अनेक मुलं तिथूनच सुरुवात करतात. त्यांच्यासाठी चाकांचं धनुष्य म्हणजे परंपरेवरचं संकट नव्हे, परवडत नसलेली वरची पायरी आहे. साताऱ्याच्या मुलीला मी पोलान्यी ऐकवायला गेलो तर ती हसेल, आणि योग्यच हसेल.

माझी तक्रार चाकांबद्दल नाही. पूर्वी एका गावात दहा तिरंदाज असतील तर दोरी, पीस, ताठरपणा याचं ज्ञान त्या दहा जणांत आणि दुकानदारात वाटलेलं असायचं. कंपाउंड आल्यावर ते काउंटरच्या पलीकडे गेलं, यंत्रात आणि तक्त्यात गेलं. गिऱ्हाईकाला ते ठेवायची गरज उरली नाही. हे कंपाउंडवाल्यालाही लागू आहे. त्याचं दुकान बंद पडलं तर त्याची दोरी कोण बदलणार? तिथे आता साध्या धनुष्यवाल्यापेक्षा तोच जास्त अडतो. मला ही गोष्ट एका कंपाउंडवाल्यानंच सांगितली. त्याच्या गावातलं एकमेव दुकान बंद झालं होतं आणि तो प्रेससाठी सव्वा तास गाडी हाकून येत होता.

शेजाऱ्यांच्या धनुष्याचं काय झालं, हे विचारायला तुम्ही थांबला असाल. जत्रेत एका कारागिराला त्यांनी ते दाखवलं. त्यानं चिरेत पातळ गोंद ओतला, टोकावर रेशमी धागा घट्ट गुंडाळला, वरून चपडीसारखा लेप दिला. पैसे घेतले नाहीत. वजन थोडं उतरवून वापरा म्हणाला, म्हणजे पूर्ण ओढू नका. डेक्रॉनचं एक रीळ त्यांनी तिथेच घेतलं. घरी आल्यावर गॅरेजात एका फळीवर चार खिळे ठोकले आणि दोरी वळायला बसले. दोन पेडांची, प्रत्येक पेड एकीकडे पिळायचा आणि दोन्ही मिळून उलटीकडे. मला म्हणाले, प्रोफेसर, तुम्ही एक टोक धरा. मी चुकीच्या दिशेनं पिळला, त्यांनी काही न बोलता उलगडला आणि परत माझ्या हातात दिला. लहानपणी आजोळी गड्याला काथ्याचे दोर वळताना पाहिलं होतं, ती दिशा मला तेव्हा आठवली.

चला, प्रश्न असतील तर घेऊ. मागच्या रांगेपासून सुरुवात करा, पुढचे नेहमी बोलतात.